नेपानगर : देशातील पहिल्या वृत्तपत्री कागद कारखान्याची वाटचाल

सकाळी दाराशी पडणारे वर्तमानपत्र ज्या कागदावर छापले जाते, तो कागद स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतात तयार होत नव्हता. तो संपूर्णपणे परदेशातून येत असे. ही स्थिती बदलण्यासाठी तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती नेपानगर हे शहर वसले. आज मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात असलेल्या या कारखान्याने प्रारंभी सालई आणि बांबू यांच्या जंगलावर, तर नंतर रद्दी कागदावर आपले उत्पादन चालवले. वृत्तपत्री कागदाच्या स्वयंपूर्णतेसाठी जन्मलेला, उदारीकरणानंतर आजारी पडलेला, २०१६ मध्ये थांबलेला आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेला हा उद्योग म्हणजे भारतीय कागद उद्योगाच्या बदलत्या धोरणांचा एक आलेखच आहे. कच्चा माल कोठून आणायचा आणि तो किती काळ पुरेल, हा प्रश्न या कारखान्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा आहे.

नागपूर-रायपूरचा प्रांत आणि परदेशी कागद

भारतात यंत्रावर कागद बनवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता. पुण्याजवळ मुंढवा येथील डेक्कन पेपर मिल्स ही १८८५ मध्ये स्थापन झालेली गिरणी त्यातील जुन्या गिरण्यांपैकी एक. मात्र या गिरण्यांचा भर लेखन-छपाईच्या आणि वेष्टनाच्या कागदावर होता. वृत्तपत्री कागद, म्हणजेच न्यूजप्रिंट, हा वेगळ्या प्रकारचा कागद असतो. तो स्वस्त असावा लागतो, वजनाला हलका असावा लागतो आणि वेगाने फिरणाऱ्या छपाई यंत्रावर तो तुटताही कामा नये. थंड प्रदेशातील सूचिपर्णी झाडांच्या लगद्यापासून असा कागद सहज बनतो. त्यामुळे कॅनडा आणि स्कँडिनेव्हियन देश हे त्याचे मोठे पुरवठादार होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सागरी वाहतूक विस्कळीत झाली आणि परदेशी कागदावर अवलंबून राहण्याचे परिणाम भारतीय वृत्तपत्रांना भोगावे लागले. कागदाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि दैनिकांना आपली पाने कमी करावी लागली. भाषिक वृत्तपत्रांची आर्थिक शक्ती बेताची असल्याने त्यांना ही झळ अधिक बसली.

या पार्श्वभूमीवर २५ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या सुमारे सात महिने आधी, 'नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स लिमिटेड' या कंपनीची नोंदणी झाली. नायर प्रेस सिंडिकेट या खाजगी संस्थेने हा उपक्रम हाती घेतला होता. परंतु एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी लागणारे भांडवल उभे करणे खाजगी प्रवर्तकांना जड गेले. अखेर ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रांतिक सरकारने कंपनीचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले.

तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि विदर्भ, महाकोशल व छत्तीसगड हे तिन्ही प्रदेश त्यात एकत्र होते. प्रांताचे नेतृत्व पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे होते. त्यांचे सार्वजनिक जीवन रायपूर येथे घडले होते. आज तीन राज्यांत विभागल्या गेलेल्या या प्रदेशाच्या एकत्रित प्रशासनाने हाती घेतलेल्या मोठ्या औद्योगिक कामांपैकी नेपाचा कारखाना एक होता.

जागेची आणि नावाची कथा

कारखान्यासाठी निवडलेली जागा मुंबईहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बऱ्हाणपूर आणि खंडवा यांच्या दरम्यान होती. तापीचे खोरे, सातपुड्याचे जंगल आणि रेल्वे या तीन गोष्टी तेथे एकत्र येत होत्या. कागदाच्या कारखान्याला मुबलक पाणी, जवळचा कच्चा माल आणि अवजड मालाच्या वाहतुकीची सोय लागते. तिन्हींची पूर्तता या जागी होत होती.

'न्यूजप्रिंट' आणि 'पेपर' या दोन शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांवरून 'नेपा' हे नाव तयार झाले आणि कारखान्याभोवतीच्या वसाहतीला नेपानगर असे नाव मिळाले. शहरामुळे कारखान्याला नव्हे, तर कारखान्यामुळे शहराला नाव मिळाल्याचे हे उदाहरण आहे. सभोवतालच्या डोंगराळ भागात कोरकू, बारेला आणि भिलाला या आदिवासी समाजांची वस्ती आहे. दक्षिणेला महाराष्ट्राचा जळगाव जिल्हा आणि पूर्वेला मेळघाटचा प्रदेश लागून असल्याने बऱ्हाणपूर परिसरात मराठी भाषाही मोठ्या प्रमाणावर बोलली जाते.

सालई आणि बांबू

भारतातील मैदानी व पठारी प्रदेशात सूचिपर्णी वने नाहीत. त्यामुळे येथील कोणत्या झाडापासून वृत्तपत्री कागद बनवता येईल, हा शास्त्रज्ञांपुढील पहिला प्रश्न होता. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत झालेल्या प्रयोगांतून सालई या झाडाचे नाव पुढे आले. सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारे हे झाड इमारती लाकूड म्हणून फारसे उपयोगाचे नसते. त्याचा सुगंधी डिंक मात्र धूप आणि औषधांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचे लाकूड मऊ आणि फिकट रंगाचे असल्याने दगडी चाकावर घासून त्याचा लगदा करता येतो, असे आढळून आले.

लाकडाचा लगदा करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. यांत्रिक पद्धतीत लाकूड नुसते दळले जाते. त्यामुळे जवळजवळ सर्व लाकूड लगद्यात उतरते, परंतु तंतू आखूड होतात. शिवाय लिग्निन हे द्रव्य कागदातच राहते. जुने वर्तमानपत्र उन्हात पिवळे पडते ते यामुळेच. रासायनिक पद्धतीत लाकूड अथवा बांबू रसायनांसह शिजवला जातो. लिग्निन विरघळून निघून जाते आणि लांब व बळकट तंतू मिळतात, पण मूळ मालाच्या सुमारे निम्माच लगदा हाती लागतो. नेपा येथे या दोहोंचा मेळ घालण्यात आला. सालईच्या यांत्रिक लगद्यात बांबूचा रासायनिक लगदा मिसळून कागदाला आवश्यक ती मजबुती देण्यात आली.

लाकूड दळण्यासाठी प्रचंड वीज लागते. त्या काळी या भागात तेवढी वीज उपलब्ध नव्हती. म्हणून जवळच चांदनी येथे औष्णिक विद्युत केंद्र उभारण्यात आले. एका कागद कारखान्यासाठी वीजनिर्मिती केंद्र, कामगार वसाहत, शाळा, रुग्णालय आणि पाणीपुरवठा अशी संपूर्ण व्यवस्था जंगलाच्या काठी निर्माण करावी लागली. १९५० च्या दशकातील सार्वजनिक उद्योगांची हीच रीत होती.

राष्ट्रार्पण आणि राज्यपुनर्रचना

जानेवारी १९५५ मध्ये कारखान्यात उत्पादनाला सुरुवात झाली. त्यानंतर २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते हा कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याची वार्षिक उत्पादनक्षमता प्रारंभी ३० हजार टन होती. भारतीय बनावटीच्या वृत्तपत्री कागदाचे युग येथून सुरू झाले.

राष्ट्रार्पणानंतर अवघ्या सहा महिन्यांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. ज्या राजधानीतून या कारखान्याचे निर्णय घेतले गेले होते, ती नागपूर नगरी आणि कारखाना आता दोन वेगवेगळ्या राज्यांत होते. १९५८-५९ च्या सुमारास केंद्र सरकारने कंपनीतील नियंत्रक हिस्सा आपल्याकडे घेतला आणि तेव्हापासून नेपा हा केंद्रीय सार्वजनिक उपक्रम झाला. पुढे १९८९ मध्ये कंपनीचे नाव 'नेपा लिमिटेड' असे संक्षिप्त करण्यात आले.

टंचाईचा काळ आणि न्यायालयीन लढे

देशात कारखाना सुरू झाला तरी वृत्तपत्रांची कागदाची भूक त्याहून वेगाने वाढत गेली. साक्षरता वाढत होती, प्रादेशिक भाषांतील दैनिकांचा खप वाढत होता. नेपाची क्षमता पुढे ७५ हजार टन आणि नंतर ८८ हजार टनांपर्यंत वाढवण्यात आली, तरीही मागणीचा मोठा भाग आयातीनेच भागवावा लागे. परकीय चलनाची चणचण असल्याने ही आयात सरकारच्या नियंत्रणाखाली होती. कोणत्या वृत्तपत्राला किती कागद मिळेल, हे कोट्याने ठरत असे.

कागदाच्या नियंत्रणाचा संबंध थेट अभिव्यक्ती स्वातंत्र्याशी येतो, हे याच काळात न्यायालयांपुढे आले. वृत्तपत्राची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि त्याखालील आदेश १९६० मध्ये निघाला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले. पाने कमी करण्यास किंवा किंमत वाढवण्यास भाग पाडणे हा वृत्तपत्राच्या प्रसारावर, पर्यायाने अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर आघात आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला आणि तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर १९७२ मध्ये बेनेट कोलमन प्रकरणात दहा पानांची कमाल मर्यादा घालणारे वृत्तपत्री कागदाचे धोरणही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने रद्दबातल केले.

या दोन निकालांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. कागद हा वृत्तपत्राचा केवळ कच्चा माल नाही. त्याच्या पुरवठ्यावर ज्याचे नियंत्रण, त्याच्या हाती वृत्तपत्राच्या अस्तित्वाची किल्ली असते. देशांतर्गत उत्पादनाचे महत्त्व त्यामुळे केवळ परकीय चलन वाचवण्यापुरते मर्यादित राहिले नाही.

१९८१ पर्यंत वृत्तपत्री कागद बनवणारा नेपा हा देशातील एकमेव कारखाना होता. त्या वर्षी कर्नाटकातील भद्रावती येथील म्हैसूर पेपर मिल्सने हे उत्पादन सुरू केले. त्यापाठोपाठ केरळमधील हिंदुस्तान न्यूजप्रिंट आणि १९८४ मध्ये तमिळनाडू न्यूजप्रिंट हे कारखाने कार्यान्वित झाले.

जंगलाची मर्यादा

नेपा उभारताना सातपुड्याचे जंगल अक्षय असल्यासारखे गृहीत धरले गेले होते. ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. देशभरात कागद गिरण्यांना राज्य सरकारांनी दीर्घ मुदतीच्या करारांनी आणि अतिशय अल्प दरात बांबू व लाकूड उपलब्ध करून दिले. कर्नाटकात कागद गिरणीला टनामागे केवळ दीड रुपया दराने बांबू दिला जात होता, ही बाब ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनातून वारंवार निदर्शनास आणली. त्याच बांबूवर उपजीविका करणाऱ्या बुरूड कारागिरांना मात्र तो बाजारभावाने विकत घ्यावा लागे.

माल इतका स्वस्त मिळत असल्याने जंगल टिकवण्याची निकड गिरण्यांना वाटली नाही. एका भागातील बांबू संपला की दुसऱ्या, अधिक दूरच्या भागाकडे वळायचे, असे चक्र सुरू झाले. सालईच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी होती. कोरड्या, उथळ मातीच्या उतारांवर हे झाड सावकाश वाढते. तोडलेल्या क्षेत्रात गुरे चरत राहिली किंवा वणवे लागले, तर नवीन रोपे तग धरत नाहीत. कारखान्याची भूक दरवर्षी सारखीच राहते, जंगलाची भरपाई मात्र त्या गतीने होत नाही.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने या पद्धतीला स्पष्ट शब्दांत छेद दिला. वनांवर आधारित उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो स्वतः, शेतकऱ्यांच्या सहकार्याने, वनेतर जमिनीवर निर्माण करावा आणि सवलतीच्या दरात वनोपज पुरवण्याची प्रथा बंद करावी, अशी भूमिका या धोरणात घेण्यात आली. वनांवरचा पहिला हक्क स्थानिक रहिवाशांच्या गरजांचा आहे, हे तत्त्वही त्यात मान्य करण्यात आले.

कागद उद्योगापुढे यातून तीन मार्ग उरले. पहिला, शेतकऱ्यांकडून सुबाभूळ, निलगिरी यांसारखी झाडे लावून घेणे. दुसरा, शेतीतील अवशेष वापरणे. तमिळनाडू न्यूजप्रिंटने उसाच्या चिपाडापासून वृत्तपत्री कागद बनवून हा मार्ग यशस्वी करून दाखवला. तिसरा मार्ग, वापरलेला कागद पुन्हा लगद्यात आणणे. नेपाने कालांतराने हा तिसरा मार्ग पत्करला.

खुली आयात आणि आजारपण

दरम्यान, बाजारपेठेचे स्वरूप बदलले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात वृत्तपत्री कागदावरील नियंत्रणे सैल होत गेली आणि १९९५ मध्ये त्याची आयात खुली करण्यात आली. वृत्तपत्रांच्या दृष्टीने हा दिलासा होता. कोट्याची प्रतीक्षा संपली आणि जगात कोठूनही, हव्या त्या दर्जाचा कागद आणणे शक्य झाले. रंगीत छपाईची नवी यंत्रे आलेल्या दैनिकांना गुळगुळीत, शुभ्र कागद हवा होता.

चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रसामग्रीवर चालणाऱ्या नेपाला ही स्पर्धा झेपणारी नव्हती. आंतरराष्ट्रीय बाजारात भाव पडले की आयात कागद स्वस्त होई आणि देशी मालाची मागणी घटे. वीज आणि कोळशाचा खर्च वाढत होता. तोटा साचत गेला आणि १९९८ च्या सुमारास कंपनीचे प्रकरण औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गेले. कामगारांचे वेतन भागवण्यासाठी केंद्र सरकारच्या साहाय्यावर विसंबून राहण्याची वेळ आली.

इतरत्रही चित्र फारसे वेगळे नव्हते. हिंदुस्तान पेपर कॉर्पोरेशनचे आसाममधील कछार आणि नागाव येथील कारखाने अनुक्रमे २०१५ आणि २०१७ मध्ये बंद पडले. केरळमधील हिंदुस्तान न्यूजप्रिंटचा कारखाना राज्य सरकारने आपल्याकडे घेतला आणि २०२२ मध्ये तो नव्या नावाने सुरू केला. सार्वजनिक क्षेत्रातील कागद उद्योगाची ही पडझड पाहता, नेपाचे काय होणार हा प्रश्न नेपानगरच्या प्रत्येक कुटुंबाला भेडसावत होता.

रद्दीपासून कागद

कागद पुन्हा कागदात रूपांतरित करणे ही कल्पना नवी नाही. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कागजीपुरा येथे चिंध्या आणि जुन्या कापडापासून हातकागद बनवण्याची परंपरा शतकांपासून होती. आधुनिक कारखान्यात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. मात्र छापील रद्दीतील शाई काढून टाकणे हे त्यातील खरे आव्हान असते.

रद्दीच्या बांधलेल्या गाठी प्रथम पाण्याने भरलेल्या मोठ्या घुसळण यंत्रात टाकल्या जातात. तेथे कागद भिजून त्याचे तंतू सुटे होतात. टाचण्या, प्लॅस्टिक, चिकट फिती, धागे अशा वस्तू चाळण्यांच्या साहाय्याने वेगळ्या केल्या जातात. त्यानंतर लगद्यात साबणासारखी द्रव्ये मिसळून त्यातून हवेचे बुडबुडे सोडले जातात. शाईचे कण पाण्यापासून दूर राहणारे असल्याने ते बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. हा काळपट फेस बाजूला काढला की खाली स्वच्छ लगदा उरतो. धुणे, गाळणे आणि आवश्यकतेनुसार उजळवणे या टप्प्यांनंतर तो कागद यंत्राकडे जातो. तेथे पाणी निथळून, दाबून व वाफेवर तापवलेल्या रुळांवरून नेऊन त्याची अखंड पट्टी तयार होते.

या पद्धतीचे पर्यावरणीय लाभ स्पष्ट आहेत. झाड किंवा बांबू तोडावा लागत नाही. लाकूड दळण्यासाठी लागणारी वीज वाचते. रासायनिक लगद्यातून निघणारा 'काळा द्रव', जो एकेकाळी कागद गिरण्यांच्या खाली वाहणाऱ्या नद्यांच्या प्रदूषणाचे मुख्य कारण होता, तो येथे तयारच होत नाही. जी रद्दी कचऱ्यात कुजली अथवा जाळली गेली असती, ती पुन्हा उपयोगात येते.

तथापि, हा मार्ग पूर्णतः निर्दोष नाही. काढून टाकलेली शाई, मातीसदृश भराव आणि तुटलेले तंतू यांचा गाळ तयार होतो आणि त्याची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते. वाफ आणि वीज यांसाठी बॉयलरमध्ये इंधन जाळावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अत्यंत प्रदूषणकारी ठरवलेल्या १७ उद्योगगटांमध्ये लगदा व कागद उद्योगाचा समावेश आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने या उद्योगांसाठी जाहीर केलेल्या सनदेत कागद गिरण्यांच्या पाणीवापरावर आणि सांडपाण्यावर मर्यादा सुचवण्यात आल्या होत्या. शिवाय प्रत्येक पुनर्वापरात तंतू आखूड व दुबळा होत जातो. साधारणतः पाच ते सात वेळांनंतर तो निरुपयोगी ठरतो. म्हणजे कोठेतरी, कोणत्यातरी झाडाच्या ताज्या तंतूची भर या चक्रात पडत राहावीच लागते.

पुनरुज्जीवनाचा दीर्घ प्रवास

नेपाच्या पुनरुज्जीवन व आधुनिकीकरण योजनेला केंद्र सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये मंजुरी दिली. जुन्या यंत्रांचे नूतनीकरण, शाई काढण्याचा नवा विभाग आणि वीज व वाफ निर्मितीच्या व्यवस्थेत सुधारणा हे या योजनेचे मुख्य भाग होते. मात्र काम अपेक्षेप्रमाणे वेगाने पुढे सरकले नाही आणि खर्च वाढत गेला. २०१६ मध्ये आधुनिकीकरणासाठी उत्पादन थांबवण्यात आले.

उत्पादन थांबल्यावर उत्पन्नही थांबले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने कंपनीसाठी ४६९.४१ कोटी रुपयांच्या साहाय्यास मान्यता दिली. त्यात भागभांडवल, कर्ज, कामगारांचे वेतन आणि स्वेच्छानिवृत्ती योजनेसाठीच्या रकमेचा समावेश होता. आधुनिकीकरणानंतर वार्षिक उत्पादनक्षमता एक लाख टनांपर्यंत नेण्याचे आणि केवळ वृत्तपत्री कागदावर विसंबून न राहता लेखन व छपाईचा कागदही बनवण्याचे उद्दिष्ट निश्चित करण्यात आले.

या सहा वर्षांचा भार सर्वाधिक पडला तो कामगारांवर आणि शहरावर. नेपानगरची बाजारपेठ, वाहतूक, भाड्याची घरे, शिकवण्या, चहाच्या टपऱ्या, सारे काही कारखान्याच्या पगारावर चालणारे होते. अनेकांनी स्वेच्छानिवृत्ती स्वीकारली आणि तरुण पिढी रोजगारासाठी अन्य शहरांकडे वळली. एकाच उद्योगावर उभ्या असलेल्या शहराची नाडी त्या उद्योगाबरोबरच मंदावते, याचा प्रत्यय नेपानगरने घेतला.

२३ ऑगस्ट २०२२ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री महेंद्रनाथ पांडे यांच्या हस्ते नूतनीकृत कारखान्याचे उद्घाटन झाले आणि यंत्रांवर पुन्हा कागद उतरू लागला.

शाश्वततेची कसोटी

नेपा पुन्हा सुरू झाला तो एका बदललेल्या जगात. २०२० च्या कोविड साथीत वृत्तपत्रांचे वितरण कोलमडले. अनेक दैनिकांनी पाने आणि आवृत्त्या कमी केल्या आणि वाचकांचा मोठा वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे वळला. वृत्तपत्री कागदाची मागणी घटली की रद्दीत येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांचा पुरवठाही घटतो. म्हणजेच कारखान्याचे ग्राहक आणि त्याचा कच्चा माल, या दोन्हींचे भवितव्य एकाच दैनिकाशी जोडलेले आहे. लेखन-छपाईच्या कागदाकडे वळण्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा प्रश्न रद्दीच्या संकलनाचा आहे. भारतात तयार होणाऱ्या कागदापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कागद आज रद्दीपासून बनतो. परंतु वापरलेला कागद परत मिळवण्याचे आपले प्रमाण विकसित देशांच्या तुलनेत बरेच कमी असल्याने मोठ्या प्रमाणावर रद्दी परदेशातून आयात करावी लागते. जो कारखाना परदेशी कागदाचे परावलंबन संपवण्यासाठी उभारला गेला, त्याच्या नव्या कच्च्या मालासाठी देशाला परदेशी रद्दीकडे पाहावे लागावे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

हे परावलंबन कमी करण्याची साखळी घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते. ओल्या कचऱ्यात मिसळलेला, तेलकट झालेला कागद गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही. कोरडा ठेवलेला आणि वेगळा दिलेला कागद मात्र रद्दीवाला, घाऊक व्यापारी आणि गाठी बांधणारी केंद्रे यांच्यामार्फत कारखान्यापर्यंत पोहोचतो. ही साखळी प्रामुख्याने असंघटित कष्टकऱ्यांच्या श्रमावर चालते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे उगमस्थानीच वर्गीकरण बंधनकारक केले आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूद केली. तिची अंमलबजावणी जितकी परिणामकारक होईल, तितकी देशी रद्दी अधिक आणि स्वच्छ मिळेल.

नेपाचा सात दशकांचा इतिहास पाहता, शाश्वतता या शब्दाचे तीन अर्थ येथे एकत्र आलेले दिसतात. जंगल टिकले पाहिजे, कारखाना स्वतःच्या उत्पन्नावर टिकला पाहिजे आणि त्याच्या भरवशावर वसलेले शहर टिकले पाहिजे. पहिल्या टप्प्यात कारखाना आणि शहर उभे राहिले, ते जंगलाच्या बळावर. दुसऱ्या टप्प्यात जंगलावरील भार कमी झाला, पण कारखाना आणि शहर डळमळले. तिन्ही एकाच वेळी साधणे हे तिसऱ्या टप्प्यापुढील आव्हान आहे आणि त्याचे यश रद्दीच्या नियमित पुरवठ्यावर, मालाच्या दर्जावर आणि खर्चाच्या काटेकोर नियोजनावर अवलंबून राहील.

दृष्टिक्षेपात नेपा

१९४७ : नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स या कंपनीची नोंदणी
१९४९ : मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारकडून व्यवस्थापनाचा ताबा
१९५५ : उत्पादनास प्रारंभ
१९५६ : पंडित नेहरू यांच्या हस्ते राष्ट्रार्पण, राज्यपुनर्रचना
१९५८-५९ : केंद्र सरकारकडे नियंत्रण
१९८१ : देशातील एकमेव वृत्तपत्री कागद कारखाना हे स्थान संपुष्टात
१९८९ : 'नेपा लिमिटेड' हे नवे नाव
१९९५ : वृत्तपत्री कागदाची आयात खुली
२०१२ : पुनरुज्जीवन योजनेस मंजुरी
२०१६ : आधुनिकीकरणासाठी उत्पादन स्थगित
२०१८ : ४६९.४१ कोटी रुपयांच्या साहाय्यास मान्यता
२०२२ : नूतनीकृत कारखान्याचे उद्घाटन